एकोणीस वेळा इंदू

रायपूरजवळच्या बीरगांवच्या चौकात लागलेल्या होर्डिंगवर इंदूबाई रामटेके एकूण एकोणीस वेळा उभ्या होत्या. कुठे हिरव्या साडीत, कुठे पिवळ्या, कुठे दुसऱ्या बाईच्या मागे अर्ध्या झाकलेल्या. पण हात सगळीकडे तोच, उजवा, सरळ वर गेलेला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बीरगांव की जनता कारखाना विस्तार का हार्दिक स्वागत करती है.' खाली नुसती गर्दी. दोनशे-अडीचशे बायका, सगळ्या हसऱ्या, सगळ्यांचे हात वर.

इंदूबाईंची मुलगी मीनल संध्याकाळी कामावरून येताना चौकात शेअर ऑटोतून उतरली आणि सवयीने वर पाहिलं. आधी अक्षरं, मग छपाई, मग कडा. नऊ वर्षं फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम केल्यावर डोळे दुसरं काही पाहतच नाहीत. अक्षरं बरी होती. छपाई स्वच्छ होती. मग तिसऱ्या ओळीत तिला शेजारच्या शांताबाई दिसल्या. शांताबाईंच्या टाचेजवळ एक निळा ठिपका होता, आणि तो तिथे कसा आला हे साऱ्या रायपुरात एकट्या मीनलला माहीत होतं.

तिने आईला शोधलं. मोजलं. एकोणीस भरली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आला तेव्हा कुठे ती रस्त्यातून बाजूला झाली.

ही गर्दी तिनेच केली होती.

राज्याचं मंत्रालय नव्या रायपुरात हललं त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. भूमिपूजनं, उद्घाटनं, स्वागतं यांना ऊत आला होता आणि मीनलच्या दुकानातली मशीन दिवसभर थांबत नव्हती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पाऱ्यातल्या, म्हणजे तिच्या वस्तीतल्या, लोकांनी तिला जयंतीचं बॅनर करायला सांगितलं. दरवर्षी बॅनरवर बाबासाहेबांच्या फोटोखाली इंटरनेटवरून उतरवलेली गर्दी असायची, कुठल्या मुलखाची कोण जाणे, अर्ध्या लोकांच्या डोक्याला फेटे. मीनलला वाटलं, यंदा आपली माणसं दिसली पाहिजेत.

तिने अकरा जणींना विहाराच्या मागच्या निळ्या भिंतीसमोर एकेक करून उभं केलं. सगळ्या पांढऱ्या साड्यांत. आईने सगळ्यांना शिकवलं, "हात असा वर करा. जय भीम म्हणतानी करतो तसा." शांताबाईंनी मात्र आधी विचारून घेतलं, "फोटो कायले पाह्यजे व?"

"जयंतीच्या बॅनरले, मावशी."

"मंग काढ," शांताबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करून उभ्या राहिल्या. सगळ्यांत शेवटी वनमाला आली. ती अकरा जणींत सर्वांत लहान, दोन लेकरांची आई, आणि तिचा नवरा होर्डिंगवरच्या त्याच स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता. तिला हसू आवरेना, म्हणून तिचा फोटो चारदा घ्यावा लागला.

पुढचं काम किचकट होतं. मीनल कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करायची. त्यात तयार चित्रांचा ब्रश करता येतो. रेघ ओढली की रेघेवर ती चित्रं उगवत जातात. दुकानात हा प्रकार पानं, फुलं आणि फुगे काढण्यापलीकडे कोणी वापरला नव्हता. मीनलने विचार केला, पानं उगवतात तर माणसं का नाही. तिने एकेका बाईच्या कडेने बिंदू टाकत तिला भिंतीपासून सोडवलं, बांगड्यांमधल्या फटी कापल्या, केसांची उडालेली बट सांभाळली. शांताबाईंच्या टाचेजवळ हात जरा घसरला आणि भिंतीचा निळा तुकडा तसाच राहिला. मग सगळ्यांची उंची सारखी केली, पावलं एका रेषेत आणली, त्यांचा ब्रश बांधला आणि पहिली रेघ ओढली. अकरा जणी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या ओळीने लटकल्या. मीनलने मधलं अंतर कमी केलं, क्रम सरमिसळ केला, रेघेपासून थोडं इकडेतिकडे हलू दिलं, मागच्या बायका लहान आणि पुढच्या मोठ्या केल्या. आता गर्दी गर्दीसारखी दिसायला लागली. फक्त मधूनच दोन इंदूबाई खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या. त्यावर मीनलने तोड काढली. प्रत्येकीच्या साडीचे आणखी तीन रंग केले, म्हणजे आई आईच्याच शेजारी आली तरी चटकन कळू नये. ही युक्ती सुचली तेव्हा ती स्वतःवर फार खूश झाली होती.

बॅनर सगळ्यांना आवडलं. बायका आपापलं तोंड शोधत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. ब्रश मात्र दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहिला, 'पब्लिक' या नावाने. पुढे एका सत्संगाच्या फ्लेक्सवर सचिनने तो वापरला. सचिन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा डिझायनर. मग मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनाला मीनलने स्वतः वापरला. मग एका नेत्याच्या वाढदिवसाला. त्या फ्लेक्सवर तोंडं नखाएवढी होती, घाई होती, आणि गर्दी एका रेघेत होत होती. तिने कोणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेही तिच्या मनात आलं नाही.

चौकातल्या होर्डिंगवर पुढच्या ओळीतल्या आईचं तोंड परातीएवढं होतं.

ती घरी पोचली तेव्हा आई पायरीवर बसली होती. समोर परात, हातात लोहचुंबक. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेल्या बाबांनी, देवीदासांनी, जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून ते काढून दिलं होतं. रोज संध्याकाळी आई प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून छतावर फिरवायची आणि पिशवीवर काळी लव उगवायची. पिशवी सोडवली की भुकटी परातीत पडायची, परातीतून काचेच्या बरणीत. कारखान्याच्या चिमण्यांतून घरावर काय पडतं ते जनसुनवाईत, विस्ताराबद्दल लोकांचं म्हणणं ऐकणाऱ्या सरकारी सभेत, साहेबांपुढे नेऊन ठेवायचं, असं तिने महिन्यापूर्वी ठरवलं होतं. परवा सुनवाई होती. बरणी पाऊण भरली होती.

"शांता येऊन गेली," आई म्हणाली. आवाज बारीक होता, पण हातातलं चुंबक थांबलं नाही. "मले म्हणते, काहून व इंदू, कारखान्याच्या मीटिंगले लपून गेली होती का? सारा पारा म्हणून राह्यला. तिच्या शेजारी मी, तिच्या मागं मी. मी म्हणलं, तुले तुहं तोंड दिसलं नाई का तिथं? म्हणे मी तं गेली नाई, माहा फोटो कोणंतरी लावला, पण तू पुढं पुढं दिसतं."

मीनल चप्पल काढत होती. ती काढायला तिने बराच वेळ लावला.

"तू तं असेच काम करतं," आई म्हणाली. "हे कसं केलं असन?"

"माहीत नाई, आई. केलं असन कोणी."

आतून बाबांनी विचारलं, कोणाच्या दुकानात छापलं, खाली नाव असतं ना? मीनल म्हणाली, नाव दिसलं नाही. हे दुसरं खोटं, नाव तिच्याच दुकानाचं होतं. मग ती आईने वाढलेली भाकर खात बसली. आई सुनवाईत काय बोलायचं ते म्हणून पाहत होती, पहिलं वाक्य हिंदीत, अडखळत, पुन्हा पुन्हा, आणि मीनल खाली मान घालून तिची हिंदी दुरुस्त करत होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात शिरली ती सरळ मालकाच्या टेबलाशी गेली. भैय्यालाल पन्नाशीचा, सदा चहाच्या कपाशी बसलेला माणूस. मीनलला माऊस धरायला त्यानेच शिकवलं होतं, त्यामुळे ती त्याच्याशी आजवर कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती.

"भैया, बीरगांव चौक का होर्डिंग उतरवाना पड़ेगा."

"काहे? स्पेलिंग गलत है क्या?"

"उसमें मेरी माँ है."

भैय्यालालने कप खाली ठेवला. "कौन सी?"

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेच मीनलला जास्त लागलं.

"उन्नीस जगह है. और जिस कारखाने के खिलाफ वो कल बोलने वाली है, उसी का स्वागत कर रही है. पूरा पारा उसको पूछ रहा है."

"अरे, भीड़ है, मीनल. भीड़ में कौन किसकी माँ देखता है. कल सुनवाई है, परसों उतर जाएगा."

"मैंने फोटो जयंती के लिए ली थी. पूछ के ली थी. इसके लिए किसने पूछा?"

भैय्यालाल आवाज न चढवता म्हणाला, "सत्संग छोड़, वो सचिन का था. मोबाइल की दुकान में भीड़ किसने लगाई? नेताजी के जन्मदिन में? तूने. तब पूछा था? तब माँ नहीं थी वो?"

तो खोटं बोलत असता तर तिने टेबलावरचा कप भिरकावला असता. पण तो खरं बोलत होता, आणि या माणसाच्या तोंडून खरं ऐकावं लागतंय याचा तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढची मशीन धूसर झाली. ती वळली, आपल्या कॉम्प्युटरशी बसली आणि 'पब्लिक' पुसून टाकला.

"दीदी, मत करो," सचिन हळूच म्हणाला. सचिनचं घर पुरानी बस्तीतलं, मराठी. त्याची आई घरात मराठीच बोलायची, पण तो मीनलशी नेहमी हिंदीतच बोले. "तीनों मशीन में है. और कारखाने वाली पार्टी को पेन ड्राइव में भी दे दिया. उनको आगे और छापना है."

"सचिन, तुझी आई असती तर काय केलं असतं?"

सचिनने माऊस सोडला. मग तिने त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या मराठीत म्हणाला, "तिला सांगितलंच नसतं. तुम्ही सांगितलं का?"

मीनलने टिफिन उचलला, पर्स घेतली आणि दुकानातून बाहेर पडली. भैय्यालालने मागून हाक मारली, ती थांबली नाही. बाहेर ऊन होतं. स्टँडपर्यंत चालताना तिला दर खांबावर कसलं ना कसलं स्वागत लटकलेलं दिसलं, आणि प्रत्येकाखालच्या गर्दीत ती वेड्यासारखी निळी टाच शोधत गेली. दोन ठिकाणी सापडली.

सुनवाई शाळेच्या मैदानात होती. मंडप, लाल खुर्च्या, पुढे टेबल, टेबलामागे सुनवाई घ्यायला आलेले अधिकारी आणि बोललेलं लिहून घेणारा बाबू. मागच्या रांगांत कारखान्याची माणसं बसली होती, ठेकेदार होते. पाऱ्यातल्या बायका डावीकडे सतरंजीवर. मीनलने आपला जुना लॅपटॉप पिशवीत घालून आणला होता. ब्रशची एक प्रत त्यात होती. तो कशासाठी आणला हे तिने मनाशीसुद्धा नीट ठरवलं नव्हतं. नाही लागला तर बरं, असंच तिला वाटत होतं.

आईचं नाव पुकारलं. ती बरणी घेऊन माइकशी गेली आणि चांगली बोलली. "साहब, ये मेरे छत का है. एक महीने का. ये हमारे पापड़ पे गिरता है, पानी की टंकी में गिरता है, सोये हुए बच्चे के मुँह पे गिरता है." तिने टेबलावर कागद पसरला, त्यावर भुकटी ओतली, खालून चुंबक फिरवलं. भुकटी उठून उभी राहिली आणि चुंबकामागे चालायला लागली. अधिकारी पुढे झुकून पाहू लागले. बाबूचं पेन थांबलं. बायकांत कुजबूज झाली, आणि कालपासून इंदूबाईंशी न बोललेल्या शांताबाईंनी हळूच मान डोलावली.

तेवढ्यात कारखान्यातर्फे बोलणारा माणूस उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल. त्याने फाइलीतून होर्डिंगवरच्या गर्दीचा एक मोठा फोटो काढला आणि आईपुढे धरला.

"माताजी, ये आप ही हैं न?"

आईने पाहिलं. "हूँ. पर मैं गई नहीं."

"गई नहीं तो फोटो कैसे आया? फोटो चल के तो नहीं आया." मागे हशा पिकला. त्याने अधिकाऱ्यांकडे वळून म्हटलं, "सर, यही महिलाएँ पिछले हफ्ते हाथ उठाकर स्वागत कर रही थीं. आज कोई इनको बरनी पकड़ाकर भेज देता है. ये खुद नहीं जानतीं कि किसकी तरफ हैं."

आई माइकशी उभी राहिली. आपण तिथे गेलो नव्हतो एवढंच तिला माहीत होतं, आणि फोटोत आपण आहोत हे तिला दिसत होतं. तिने एकदा बायकांकडे पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या. मग ती भुकटी गोळा करून बरणीत भरू लागली, आणि अर्धी टेबलावर सांडत होती.

मागचं हसू अजून थांबलं नव्हतं. मीनल कधी उठली, कधी मधल्या वाटेने चालली, तिला कळलं नाही. माइक हातात आला तेव्हा तिचा आवाज इतका मोठा लागला की भोंगा किंचाळला.

"मैं मीनल रामटेके. इनकी बेटी. ये भीड़ मैंने बनाई है."

"बनाई है मतलब?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

तिने लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला, उघडला. तो सुरू व्हायला वेळ लागला. कोरी पाटी आली. तिने ब्रश निवडला.

"कितने लोग चाहिए, साहब?"

तिने रेघ ओढली. रेघेवर बायका उभ्या राहिल्या, वीस, तीस, हात वर करून. दुसरी रेघ, आणखी चाळीस. "आप खींच के देखिए," ती म्हणाली. अधिकाऱ्यांनी चाचपडत बोट फिरवलं. वाकडीतिकडी रेघ उमटली, आणि त्या वाकड्या रेघेवर इंदूबाई, शांताबाई, वनमाला, पुन्हा इंदूबाई, वेगवेगळ्या रंगांच्या साड्यांत उगवत गेल्या.

"अब इनका फोटो देखिए. जहाँ जहाँ शांताबाई हैं, उनकी एड़ी पे नीला दाग है. सब में. वो हमारे विहार की दीवार है. मुझसे काटते समय छूट गया था. ग्यारह औरतें हैं, साहब. जयंती के दिन की. एक भी कारखाने में नहीं गई थी."

पांढऱ्या शर्टवाला म्हणाला, "सर, ये तो डिझाइन है. प्रतीकात्मक होता है."

"अभी तो आप इसको फोटो कह रहे थे," अधिकारी म्हणाले, आणि बाबूला म्हणाले, "लिखिए."

तेव्हा शांताबाई सतरंजीवरून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत माइकशी आल्या. रांगेत त्यांचं नाव नव्हतं, पण त्यांना कोणी अडवलं नाही. "मेरा नाम शांताबाई," त्या म्हणाल्या. "उस बोर्ड पे मैं सोलह बार हूँ. गई एक बार भी नहीं. मेरा विरोध लिखो." त्यांच्यामागे दुसरी आली. ती तेवीस वेळा होती. तिसरी चौदा. प्रत्येकीने चौकात जाऊन गुपचूप स्वतःला मोजून ठेवलं होतं, हे तेव्हा उघड झालं. सगळ्यांत शेवटी वनमाला उठली. माइकशी येऊन ती थांबली, मागे बसलेल्या ठेकेदाराकडे तिने पाहिलं, ठेकेदारानेही तिच्याकडे पाहिलं. मग ती घाईघाईने म्हणाली, "मैं भी. बाईस बार," आणि बसायला निघून गेली.

घरी परत जाताना आई पुढे चालत होती. एकदाही मागे वळली नाही. बाबा दोघींच्या मध्ये, कोणाशी काय बोलावं या विचारात. दार उघडून आत गेल्यावर आईने बरणी फळीवर ठेवली आणि मग वळली.

"परवा मी तुले विचारलं होतं."

"आई, मी—"

"तू काय म्हणली?"

मीनलने लॅपटॉपची पिशवी खांद्यावरून उतरवली.

"कारखान्यानं माह्या थोबाडाचं जे करायचं ते केलं. तो आपला कोण लागतो? तू माही पोट्टी. माह्या हातची भाकर खाऊन माह्यासमोर म्हणली, माहीत नाई. अन वरून माही हिंदी दुरुस्त करत बसली. मी तिथं माइकपाशी उभी राहून सोताले विचारून राह्यली होती, का मी खरंच गेली होती का? मले भ्रम झाला का?" तिचा आवाज आता बारीक नव्हता. शेजारच्या घरात ऐकू जात होता, आणि तो जावा असंच तिला वाटत असावं. "आणखी कुठं उभी केली मले? सारं सांग."

मीनलने सांगितलं. सत्संग. मोबाइलचं दुकान. नेत्याचा वाढदिवस. स्टँडजवळच्या दोन खांबांवरचं, ते कोणाचं हेही तिला माहीत नव्हतं.

"दहाही घरी जा," आई म्हणाली. "एकेकीले सांग, तिले कुठं कुठं उभी केली. मंग माह्याशी बोलजो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच होर्डिंग उतरलं. कोणी उतरवलं ते कळलं नाही. मीनल घरोघर जाऊ लागली. शांताबाईंनी सत्संग आणि दुकान शांतपणे ऐकून घेतलं, पण नेत्याचं नाव ऐकल्यावर त्या ताडकन उठल्या. "त्याच्यासाठी हात वर केला मी? त्या माणसानं आमची नळाची लाइन तोडली होती, तुले माहीत आहे का?" आणि त्यांनी मीनलला अर्धा तास नळाच्या लाइनची सगळी हकिकत उभ्याने ऐकवली. एकीने पाणी दिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. एकीने विचारलं, आता माझं चित्र तुझ्या त्या मशीनमध्ये आहे की गेलं? मीनलला खरं सांगावं लागलं, माझ्या लॅपटॉपमधूनही पुसलं, पण दुकानात आणि कारखान्याकडे आहे. ती बाई म्हणाली, "मंग तुह्या माफीनं काय होते?"

वनमालाचं दार दोनदा बंद मिळालं. तिसऱ्यांदा ती दारातच उभी होती, आणि मीनलला पाहूनही बाजूला झाली नाही.

"ठेकेदारानं याले काढलं," ती म्हणाली. आत तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "सुनवाईच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणे, बायकोले सांग, बाईस बार घरी बसवतो तुले."

"वनमाला, मले माहीत नव्हतं—"

"तुले काहीच माहीत नसते, दीदी. फोटो घेतानी माहीत नव्हतं, लावतानी माहीत नव्हतं. तिथं उठून बोलली तवाबी माहीत नव्हतं, का तू बोलली म्हणजे आमाले उठा लागन. मी नसती उठली तं बाया म्हणाल्या असत्या, वनमाला तिकडची. उठली तं हे झालं. तू तं नोकरी सोडून मोकळी. सारे म्हणून राह्यले, इंदूची पोट्टी वाघीण आहे."

मीनल पायरीखाली उभी राहिली. माफीचे शब्द ती नऊ घरी बोलून आली होती आणि इथे ते तोंडात येताच तिला त्यांची किळस आली.

"मी काय करू ते सांग," ती म्हणाली.

वनमालाचा राग तसूभर उतरला नव्हता. मग आत जाऊन तिने एक वही आणि पेन आणलं आणि मीनलच्या पुढे पायरीवर टाकलं.

"लिही. याच्या नावानं अर्ज लिही. साहेबाले, लेबर ऑफिसले, जिथं जिथं द्या लागते तिथं. चांगल्या हिंदीत लिही. अन ठेकेदाराचं नाव लिही, डरू नको. मी सही करतो."

मीनल पायरीवर बसली. त्या दिवशी चार अर्ज लिहिले, दुसऱ्या दिवशी दोन. ते द्यायला दोघी नव्या रायपुरातही गेल्या. तिथल्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर बसची वाट पाहत दीड तास उन्हात उभ्या राहिल्या, आणि त्या दीड तासात वनमाला तिच्याशी एक शब्द बोलली नाही. नवऱ्याला कामावर काही परत घेतलं नाही. तीन महिन्यांनी त्याला दुसरीकडे वेल्डरच्या हाताखाली काम लागलं, ते त्याने स्वतःच मिळवलं.

आईने अकराव्या दिवशी बोलणं सुरू केलं. "गॅस संपला," असं म्हणाली, आणि मीनल सिलिंडर आणायला गेली.

सुनवाई पुन्हा घ्यावी असा हुकूम झाला. ती जानेवारीत झाली. या वेळी कारखान्याने खरी माणसं आणली, चार बस भरून, कुठल्या कुठल्या गावांतून. त्यांना टोप्या दिल्या होत्या, जेवणाची पाकिटं दिली होती, आणि इशारा झाला की ती हात वर करत होती. पाऱ्यातल्या बायका त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्यातही एक म्हातारी होती, हात वर करताना शेजारणीकडे बघून करणारी. शांताबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि तिला विचारू लागल्या, कुठून आल्या, कधी निघाल्या, काही खाल्लं का.

मीनलने त्या दिवशी लॅपटॉप नेला नव्हता. तिने बोलणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव नोंदवलं होतं, वनमालाच्या खाली, आईच्या वर. तिची पाळी बारावी होती.